साडेतीनशे ग्रॅमचा प्रश्न

दोस्तांनो, एका हातात आंबा आणि दुसऱ्या हातात कारलं धरून कुणी विचारलं, "यातलं काय हवं?" तर तुम्ही क्षणभरही थांबणार नाही. पण दोन्ही हातांत हापूसच असले तर? तेवढाच पिवळा, तेवढाच वास! मग मात्र आपण दोन्ही आंबे उलटसुलट करून पाहतो, हुंगतो आणि शेवटी म्हणतो, "आई, तूच सांग!"

खरं म्हणजे वेगवेगळ्या दोन गोष्टींमधून निवडणं सोपं असतं. अवघड असतं ते सारख्या दोघांमधून निवडणं. आमच्या घरी हाच पेच पडला होता, आणि तो आंब्यांचा नव्हता, लॅपटॉपचा होता. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे. म्हणून म्हटलं, आम्ही काय काय केलं ते तुम्हांला सांगावं. त्यात थोडं गणित आहे, थोडं विज्ञान आहे आणि एक तांदळाची पिशवीही आहे. घाबरू नका, गणित सोपंच आहे!

आधी आमची ओळख. मी डोंबिवलीला राहते आणि दादरला एका कचेरीत मुद्रितं तपासते. मुद्रितं म्हणजे पुस्तक छापण्याआधीची कच्ची पानं. त्यांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका शोधायच्या, हे माझं काम. सकाळी डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो लोकल पकडते. तिला बसायला जागा मिळते. खिडकी नाही तर निदान चौथी सीट तरी! संध्याकाळी मात्र बॅग पोटाशी धरून उभ्यानंच यावं लागतं. माझी लेक तेव्हा दहावीत होती.

तर कचेरीत ठरलं की आठवड्यातून दोन दिवस घरून काम केलं तरी चालेल आणि मुद्रितं यापुढं संगणकावरच तपासायची. फक्त लॅपटॉप ज्याचा त्यानं आणायचा. घरी ठरलं की एकच घ्यायचा, पण दोघींनी वापरायचा. दिवसा माझ्याबरोबर तो लोकलनं जाणार आणि संध्याकाळी लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर बसणार. भिशीचे साठ हजार रुपये हातात होते. शिवाय एका वेगळ्या पाकिटात लेकीच्या अकरावीच्या प्रवेशाचे आणि पुस्तकांचे पैसे होते. त्या पाकिटाला हात लावायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

अकरा किलोंचा पूर्वज

लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवायचा संगणक. ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली गेली ती कुणासाठी, माहीत आहे? मोठ्या साहेबांसाठी नव्हे, तर तुमच्यासाठी! १९७२ साली ॲलन के नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला. त्यात त्यानं मुलांना वापरता येईल असा वहीएवढा संगणक कल्पिला आणि त्याला 'डायनाबुक' असं नाव दिलं. त्याचं वजन चार पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १.८ किलोपेक्षा कमी असावं, असंही त्यानं लिहून ठेवलं. त्या काळी संगणक कपाटाएवढाले असत, तेव्हा ही कल्पना म्हणजे निव्वळ स्वप्नच होतं.

मग १९८१ साली ॲडम ऑसबॉर्न या गृहस्थांनी बरोबर नेता येईल असा संगणक बाजारात आणला. या ऑसबॉर्नसाहेबांचं बालपण आपल्या तमिळनाडूत गेलं होतं, बरं का! आणि २००३ साली त्यांनी अखेरचा श्वास घेतला तोही तिथंच, कोडाईकनालला. त्यांच्या 'ऑसबॉर्न १' या संगणकाला शिवणयंत्राच्या पेटीसारखी मूठ होती, पडदा होता अवघा पाच इंचांचा आणि वजन होतं सुमारे ११ किलो! आत बॅटरी नव्हतीच, म्हणजे जिथं जाल तिथं आधी प्लग शोधा. हा डबा उचलून दादरचा पूल चढायचा असता तर? नकोच ती कल्पना!

बॅटरीचं कोडं सुटलं ते लिथियम-आयन बॅटरीमुळं. १९९१ साली ती बाजारात आली आणि तिच्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आज सव्वा-दीड किलोचा लॅपटॉप आपण सहज पिशवीत टाकतो, त्यामागं एवढ्या लोकांची मेहनत आहे.

हलका की भारी?

पुष्कळ लॅपटॉप पाहून झाल्यावर आमच्या यादीत दोनच उरले. कंपन्यांची नावं मी मुद्दामच सांगत नाही. कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात, पण निवडायची रीत बदलत नाही. त्यांना आपण 'हलका' आणि 'भारी' म्हणू या.

दोघांचाही पडदा १४ इंची. दोघांच्या आतला मुख्य प्रोसेसर एकाच जातीचा. दोघांतही ८ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी साठवण. हलका दिसायला चंदेरी, चकचकीत आणि बारीक. वजन १.२ किलो, किंमत ६७,५०० रुपये. भारी करड्या रंगाचा, जरा जाडगेला. वजन १.५५ किलो, किंमत ५९,००० रुपये. म्हणजे वजनात फरक ३५० ग्रॅमचा आणि किमतीत साडेआठ हजारांचा.

आता तुम्हांला वाटेल, हलका लेकीला आवडला असेल आणि स्वस्तातला भारी मला. तसं झालंही, पण कारणं ऐका. लेक म्हणाली, "आई, तुझा उजवा खांदा रोज रात्री दुखतो. शेकायची पिशवी मीच आणून देते ना? डॉक्टरांनीसुद्धा सांगितलंय, वजन कमी करा म्हणून. तू हलकाच घे. कमी पडतील ते माझ्या पाकिटातून घे. पुस्तकं मी जुनी आणीन."

आणि मी म्हणत होते, "अगं, हा तुला बारावीपर्यंत आणि पुढं कॉलेजातही पुरायला हवा. भारीतली मेमरी पुढं वाढवता येते. माझ्या खांद्याचं काय, सवय होईल!"

आहे की नाही गंमत? ती माझ्यासाठी भांडत होती आणि मी तिच्यासाठी. अशा भांडणात कुणीच हरायला तयार नसतं! दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "तुम्ही दोघी एकमेकींच्या मनातलं बोलताय. त्या यंत्राचं काय ते आधी मोजा तरी!"

मग आम्ही मोजायला बसलो.

ओटा आणि फडताळ

पहिला मुद्दा मेमरीचा. लॅपटॉपच्या जाहिरातीत ८ जीबी आणि ५१२ जीबी असे दोन आकडे असतात. त्यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. फडताळात डबे भरून ठेवलेले असतात, ती झाली साठवण, म्हणजे ५१२ जीबी. पण स्वयंपाक करताना लागणारं सगळं ओट्यावर काढून घ्यावं लागतं. तो ओटा म्हणजे मेमरी, ८ जीबी. ओटा लहान असला की कणीक मळायला घेताना भाजीची परात आत ठेवावी लागते, मग पुन्हा ती काढायची. काम अडत नाही, पण रेंगाळतं. एकाच वेळी पाचसहा गोष्टी उघडल्या की लॅपटॉप रेंगाळतो त्याचं एक कारण हेच.

आता हलक्याचा ओटा पक्का बांधलेला होता. म्हणजे मेमरीच्या चकत्या मुख्य पट्टीवरच डाख देऊन बसवलेल्या होत्या. पुढं वाढवायची सोय नाही. भारीला एक रिकामी खाच होती. वर्षा-दोन वर्षांनी गरज पडली तर त्यात आणखी मेमरी बसवता येणार होती.

यात आणखी एक मोठी गोष्ट दडलेली आहे. लॅपटॉप जितकी जास्त वर्षं चालेल, तितका कचरा कमी. २०२२ या एका वर्षात जगभरात ६२ अब्ज किलो इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातला पाव हिस्सासुद्धा रीतसर गोळा करून पुन्हा वापरात आणला गेला नाही. म्हणून 'आज कसा दिसतो' याच्याइतकंच 'किती वर्षं साथ देईल' हे विचारायला हवं. इथं भारीला एक गुण.

पायथागोरस दुकानात येतो

दुसरा मुद्दा पडद्याचा. दोन्ही पडदे १४ इंची, मग फरक कसला? लेक तेव्हा पायथागोरसचं प्रमेय शिकत होती. तिनंच वही पुढं ओढली.

पडद्याचे इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्ण. पण कर्ण सारखा असला तरी आयत सारखे असतीलच असं नाही! हलक्याच्या पडद्याची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण १६ : ९, तर भारीचं १६ : १०. आता पाहा. १६ चा वर्ग २५६, ९ चा वर्ग ८१, बेरीज ३३७. त्याचं वर्गमूळ साधारण १८.३६. १४ ला १८.३६ नी भागलं की ०.७६ च्या आसपास येतं. त्यानं १६ आणि ९ ला गुणलं की रुंदी निघते १२.२ इंच आणि उंची ६.८६ इंच. हेच १६ : १० साठी करा. रुंदी येईल ११.८७ इंच आणि उंची ७.४२ इंच. ताळा तुम्हीच करून पाहा.

म्हणजे १४ इंची दोन्ही, पण भारीचा पडदा अर्ध्या इंचाहून जास्त उंच. क्षेत्रफळही सुमारे पाच टक्क्यांनी जास्त. सिनेमा पाहायला रुंद पडदा बरा. पण मुद्रितं तपासायची असोत की धडा वाचायचा असो, आपण वरून खाली वाचतो. उंच पडद्यावर दोन ओळी जास्त दिसतात आणि पान कमी वेळा सरकवावं लागतं.

शिवाय हलक्याचा पडदा आरशासारखा गुळगुळीत, तर भारीचा किंचित खरखरीत. विज्ञानात नियमित आणि अनियमित परावर्तन शिकलात ना? गुळगुळीत पृष्ठभागावरून किरण शिस्तीत परततात, म्हणून त्यात प्रतिमा दिसते. खरखरीत पृष्ठभागावरून ते इकडंतिकडं विखुरतात. लोकलच्या खिडकीतून ऊन आलं की गुळगुळीत पडद्यावर अक्षरांऐवजी आपलंच तोंड दिसतं. मला कामाच्या वेळी माझं तोंड पाहायचं नव्हतं!

विजेचा हिशेब

तिसरा मुद्दा बॅटरीचा. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'अठरा तास चालणार!' पण ते तास मोजले कसे? पडदा मंद करून की लख्ख ठेवून? तासांपेक्षा बॅटरीवरचा 'वॉट-अवर' हा आकडा पाहावा. हलक्याची बॅटरी होती ५० वॉट-अवर, भारीची ५६. नुसतं वाचायला-लिहायला लॅपटॉप साधारण ७ वॉट घेतो असं धरलं, तर ५० भागिले ७ म्हणजे सात तास. भारीचे आठ तास. व्हिडिओ लावला, पडदा उजळ केला की वॉट वाढतात आणि तास घटतात. भागाकारच आहे तो.

घरातलं विजेचं बिल काढून पाहा. त्यातलं एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. म्हणजे अशी ५० वॉट-अवरची बॅटरी एका युनिटात वीस वेळा भरायला हवी. चार्जर तापतो, त्यात थोडी वीज वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी वेळा. काही असलं तरी लॅपटॉपमुळं बिल फुगेल ही सासूबाईंची भीती त्या दिवशी गेली!

माझा लोकलमधला वेळ जाऊन-येऊन दोन तासांचा. कचेरीत प्लग आहे, घरी प्लग आहे. मग सात तास काय आणि आठ तास काय, मला दोन्ही पुरेसेच. तेव्हा इथं दोघांनाही सारखे गुण. दोस्तांनो, हेही लक्षात ठेवा हं. प्रत्येक फरक आपल्या उपयोगाचा असतोच असं नाही. ज्याचा आपल्याला उपयोग नाही, त्याचे पैसे कशाला मोजायचे?

तराजू घेऊन लॅमिंग्टन रोडला

एका शनिवारी आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला गेलो. म्हणजे ग्रँट रोड स्टेशनाजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ही मुंबईतली जुनी बाजारपेठ. लेकीनं पिशवीत काय आणलं असेल? स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा!

दुकानदार हसायलाच लागले. "ताई, भाजी घ्यायला आलात की लॅपटॉप?" पण माणूस भला. त्यांनी दोन्ही लॅपटॉप काट्यावर ठेवू दिले. हलका भरला १ किलो २४० ग्रॅम, भारी १ किलो ५६० ग्रॅम. दुकानदारच म्हणाले, "जाहिरातीत १.२ किलो'पासून' लिहितात. त्या 'पासून'कडं कुणी बघत नाही!" मग लेक म्हणाली, "काका, चार्जरही ठेवा ना." दोघांचेही चार्जर ३०० ग्रॅमच्या आसपास भरले. हे वजन जाहिरातीत कुठंच नव्हतं!

हलक्याला बाजूला फक्त दोन चपट्या खाचा. जाडा पेनड्राइव्ह लावायचा किंवा शाळेच्या प्रोजेक्टरला जोडायचा तर एक जोडतुकडा वेगळा विकत घ्यायचा आणि तो विसरायचा नाही. भारीला सगळ्या खाचा अंगच्याच. मी दोन्ही कीबोर्डवर मराठीत पानभर मजकूर लिहून पाहिला. भारीच्या कळा जरा खोल दबत होत्या, बोटांना कळत होतं. दुकानदार शांतपणे चहा पीत बसले होते. घाई करणारं दुकान असेल तर तिथून सरळ निघावं, असं माझं मत आहे.

एवढं झालं तरी लेकीचं एकच पालुपद. "सगळं खरं, पण वजन? खांदा तुझा दुखतो, पायथागोरसचा नाही!"

तांदळाची परीक्षा

मग तिनंच युक्ती काढली. लॅपटॉप विकत न घेता त्याचं वजन वाहून पाहायचं! एका पिशवीत १,२०० ग्रॅम तांदूळ भरले, दुसरीत १,५५०. दोन्ही पिशव्या चपट्या करून जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांत बांधल्या, वरून एकसारखा कागद लावला. दहा चिठ्ठ्या केल्या, पाच 'ह'च्या आणि पाच 'भ'च्या. रोज सकाळी ती न बघता चिठ्ठी उचलणार आणि त्याप्रमाणं एक पिशवी माझ्या बॅगेत ठेवणार. मला सांगणार नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मी ओळखायचं, आज हलका होता की भारी?

हे असं का? मला माहीत असतं की आज भारी आहे, तर खांदा आपोआप जास्त दुखला असता! मन असंच असतं. नव्या औषधाची परीक्षा घेतानासुद्धा खरं औषध कुणाला दिलं आणि नुसती साखरेची गोळी कुणाला दिली हे रोग्याला सांगत नाहीत, ते याच कारणानं. अशा चाचणीला अंध चाचणी म्हणतात.

कामाचे दहा दिवस आमच्या बॅगेतून तांदूळ डोंबिवली-दादर फिरून आले. लोकलमधल्या मैत्रिणी विचारायच्या, "आज काय गं, हलका की भारी?" त्यांनीही पैजा लावल्या! दहा दिवसांनी निकाल लागला. माझी उत्तरं बरोबर आली सहा वेळा, चुकली चार वेळा. आता विचार करा. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी दहातली पाचेक उत्तरं बरोबर आलीच असती. म्हणजे माझ्या खांद्याला त्या साडेतीनशे ग्रॅमचा फरक जवळजवळ कळतच नव्हता!

पण खांदा तर दुखत होता. दोन्ही पिशव्यांनी दुखत होता. मग दुखत होता कशानं?

बॅगेची झडती

रविवारी लेकीनं माझी बॅग जमिनीवर उलटी केली आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवली. तिच्या वहीतला हिशेब जसाच्या तसा देते. रिकामी बॅग ९५० ग्रॅम. तीन पुडांचा स्टीलचा डबा, भरलेला, १,१००. पाण्याची स्टीलची बाटली, लिटरभर पाण्यासकट, १,३५०. छत्री ४००. मुद्रितांचे गठ्ठे ९००. पाकीट, किल्ल्या, औषधं, चष्म्याचं घर असं सटरफटर ५००. ग्रंथालयाचं पुस्तक ४५०. एकूण ५ किलो ६५० ग्रॅम. आणि यात लॅपटॉप नाहीच!

आम्ही दोघी साडेतीनशे ग्रॅमसाठी भांडत होतो आणि साडेपाच किलोंकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

मग काटछाट सुरू झाली. कचेरीत पाण्याचं यंत्र आहे, तेव्हा लहान बाटलीत अर्धा लिटर पाणी पुरे. वाचले ७०० ग्रॅम. डबा दोन पुडांचा, वाचले ३५० ग्रॅम. मुद्रितं आता लॅपटॉपमध्येच असणार, वाचले ९०० ग्रॅम. एकूण वाचले १ किलो ९५० ग्रॅम. त्यात भारी लॅपटॉपचे १,५५० मिळवले, तरी बॅग भरते ५ किलो २५० ग्रॅम. म्हणजे लॅपटॉप घेऊनही आधीपेक्षा ४०० ग्रॅमनी हलकी! पुस्तकाला मात्र मी हात लावू दिला नाही.

आणि चार्जर? त्याचीही तोड लेकीनंच काढली. वाचलेल्या पैशांतून दुसरा चार्जर घ्यायचा आणि तो कचेरीतच ठेवायचा. एक घरी, एक कचेरीत. म्हणजे ते ३०० ग्रॅम कधी लोकलमध्ये चढणारच नाहीत.

तुमच्यातला एखादा हुशार मुलगा आता हात वर करील. "पण हीच काटछाट करून हलका घेतला असता तर बॅग आणखी हलकी झाली नसती का?" शाबास! झाली असती, साडेतीनशे ग्रॅमनी. हा प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला. पण तांदळानं सांगितलं होतं की तेवढा फरक मला जाणवत नाही. मग जो जाणवत नाही त्यासाठी साडेआठ हजार, उंच पडदा आणि वाढवता येणारी मेमरी सोडायची का? लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण बॅग दोन्ही खांद्यांवर घ्यायची. रुंद पट्ट्यांची. कबूल?"

मी कबूल केलं. बल तेवढंच राहिलं तरी क्षेत्रफळ वाढलं की दाब कमी होतो, हे तिच्या पुस्तकातच होतं!

आम्ही भारी घेतला. चार्जर धरून साडेएकसष्ट हजार झाले. वरचे दीड हजार माझ्या पगारातून घातले आणि लेकीचं पाकीट जसंच्या तसं राहिलं. ती आता अकरावीत आहे, पुस्तकं नवीकोरी आहेत. रोज संध्याकाळी सात ते नऊ लॅपटॉप तिचा, असं फ्रीजवर कागद लावून ठेवलंय. माझा खांदा पुरता बरा झाला असं म्हणणार नाही. पण रात्री शेकायची पिशवी आता क्वचितच निघते.

आता तुमची पाळी

मुलांनो, हे वाचून 'भारीच चांगला' असं मात्र ठरवू नका हं! माझ्या बॅगेला जे लागू, ते तुमच्या दप्तराला लागू नाही. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं, असं केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलं आहे. समजा, तुमचं वजन ३५ किलो आहे. मग दप्तर साडेतीन किलोंच्या आत हवं. त्यात ३५० ग्रॅम म्हणजे थेट दहावा हिस्सा! तुमच्यासाठी हलकाच बरा ठरेल. कुणाचा लॅपटॉप घराबाहेर पडतच नसेल, त्यानं वजन कशाला पाहायचं? आणि दिवसभर फिरतीवर असणाऱ्या, प्लग न मिळणाऱ्या एखाद्या काकांना बॅटरीचे दोन तास साडेआठ हजारांहून मोलाचे वाटतील.

तेव्हा या रविवारी एक करा. स्वयंपाकघरातला काटा मागून घ्या (हळू ठेवा, आईचा ओरडा खाऊ नका) आणि आपलं दप्तर उलटं करून एकेक वस्तू वजन करा. मग आईबाबांची बॅगही तपासा. कुठल्या वस्तूचं वजन सर्वांत जास्त निघालं आणि त्यातलं रोज खरंच किती लागतं, याची दोन रकान्यांत यादी करा.

आमच्या घरची यादी पाहून सासूबाईंनी आपली देवळात न्यायची पिशवी काट्यावर ठेवली. सव्वादोन किलो भरली! आत काय काय होतं ते मात्र त्यांनी अजून दाखवलेलं नाही.